वकिलाच्या मदतीला एआय आलं. पण पक्षकारांनो, निकाल खरा आहे का ते बघा!

पौड : जमिनीचा दावा म्हटला की कागदांचा गठ्ठा आलाच. सातबारा, फेरफार, खरेदीखत, वाटणीपत्र. हे सगळं वाचून तारखांची यादी काढायची, तर वकिलाचे दिवसचे दिवस जातात. आता एआय, म्हणजेच कृत्रिम बुद्धिमत्ता, हे काम काही मिनिटांत करून देते. नोटिशीचा कच्चा मसुदा, इंग्रजी निकालाचं मराठी भाषांतरही मिळतं. सर्वोच्च न्यायालयानेही निकालांच्या भाषांतरासाठी २०१९ मध्ये 'सुवास' ही प्रणाली आणली.

मग अडचण कुठे?

चॅटजीपीटीसारखं एआय पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधून मजकूर जुळवतं. त्यामुळे कधी कधी अस्तित्वातच नसलेला निकाल, नाव-सालासकट, अगदी खऱ्यासारखा लिहून देतं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात असे बनावट निकाल देणाऱ्या वकिलांना ५ हजार डॉलरचा दंड झाला.

आपल्याकडेही असं घडलंय. केएमजी वायर्स या कंपनीच्या प्रकरणात प्राप्तिकर विभागाच्या आदेशात तीन निकालांचा आधार दिला होता. ते निकाल कुठेच नव्हते! ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. एआयने दिलेल्या माहितीवर डोळे झाकून विसंबू नका, आधी पडताळणी करा, असं न्यायालयाने बजावलं.

पक्षकारांनी काय करावं?

• वकिलाने दाखवलेल्या निकालाची प्रत मागा. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल 'ई-एससीआर' या संकेतस्थळावर फुकट बघता येतात.

• मोबाईलवर एआयला विचारून स्वतःच अर्ज किंवा नोटीस पाठवू नका. चुकीचा एक शब्दही पुढे अंगाशी येऊ शकतो.

• आधार, बँक खातं, घरातल्या वादाचे कागद एआयवर टाकू नका.

• पुढची तारीख 'ई-कोर्ट्स' ॲपवर बघा. एआयला तुमची तारीख माहीत नसते.

• वकील परवडत नसेल तर १५१०० या विधी सेवा हेल्पलाइनवर फोन करा. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

एआय कागद वाचेल, पण बांध कुठून कुठे गेला, वहिवाट कोणाची, साक्षीला कोण उभं राहील हे त्याला ठाऊक नाही. कागदावर सही वकिलाची असते, आणि जमीन जाते ती पक्षकाराची.