द्राक्षमळ्यातला डबा

जिओकॅशिंग म्हणजे लपवलेले डबे जीपीएसच्या आधाराने शोधण्याचा खेळ, आणि त्याच्या डब्यात दारू ठेवायला मनाई आहे. डबा दीडशे वर्षे जुन्या वायनरीच्या आवारात असला तरी नियम तोच. आत असते एक छोटी वही, बहुधा पेन्सिल, आणि जागा असलीच तर बिल्ला, गोटी, किल्लीची साखळी अशा किरकोळ वस्तू. ज्याला डबा सापडेल त्याने वहीत नाव आणि तारीख लिहायची. एखादी वस्तू घेतली तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची. मग डबा होता तिथे, होता तसा पुन्हा लपवायचा. कुलूप नाही, राखणदार नाही, बक्षीसही नाही. तरीही असे लाखो डबे आज जगभर जागच्या जागी आहेत, याचे मला फार अप्रूप वाटते.

या खेळाची जन्मतारीख नेमकी सांगता येते. अमेरिकेचे जीपीएस उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांच्या नागरी संकेतात अमेरिकी लष्कराने मुद्दाम घोळ घातलेला होता, त्यामुळे सामान्य माणसाच्या यंत्रात जागा शंभरेक मीटरपर्यंत चुके. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या आदेशाने मे 2000 च्या पहिल्या दोन दिवसांत तो घोळ काढून टाकण्यात आला. लगेच 3 मे रोजी डेव्ह उल्मर यांनी ऑरेगॉनमधल्या बीव्हरक्रीकजवळ रानात एक काळी बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. तीनच दिवसांत माइक टीग तिथे जाऊन पोहोचले. त्या बादलीत घेवड्याचा एक बंद टिनही होता आणि बादली अर्धी जमिनीत पुरलेली होती. आजच्या नियमांत खाद्यपदार्थ चालत नाहीत आणि जमीनमालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय खड्डा खणलेलाही चालत नाही. म्हणजे खेळातला पहिला डबा आज नामंजूर झाला असता. खेळ वाढला तसा तो जमिनीशी अधिक अदबीने वागायला शिकला, आणि शेतमळ्याच्या दृष्टीने हीच त्याची सगळ्यात मोठी कमाई आहे.

मळा कसा असतो ते पाहायला कॅलिफोर्नियातल्या सोनोमा खोऱ्यात जाऊ. सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तरेला गाडीने तासा-दीड तासावर गुंडलाख बुंडशू ही वायनरी आहे. बव्हेरियातून आलेल्या याकोब गुंडलाख यांनी 1858 मध्ये इथे चारशे एकर जमीन घेतली आणि तिला ऱ्हाइन नदीवरून राइनफार्म हे नाव दिले. 1868 मध्ये चार्ल्स बुंडशू धंद्यात आले, पुढे गुंडलाखांचे जावई झाले आणि दोन्ही आडनावे एकत्र आली. 1906 च्या भूकंपात सॅन फ्रान्सिस्कोतले त्यांचे कोठार गेले आणि सुमारे दहा लाख गॅलन वाइन गेली. त्या धक्क्यातून उभे राहतात तोच देशभर दारूबंदी आली. वायनरी बंद पडली, पण कुटुंबाने मळा सोडला नाही. द्राक्षे पिकवायची आणि दुसऱ्यांना विकायची, असे पन्नासेक वर्षे चालले. 1973 मध्ये जिम बुंडशू यांनी स्वतःची वाइन पुन्हा सुरू केली. आज सहावी पिढी काम पाहते. ऑक्टोबर 2017 च्या वणव्यात कुटुंबाचे जुने राहते घर जळाले, वायनरी वाचली.

मला या इतिहासातले सर्वांत मोलाचे पान वाटते ते मुळांचे. फायलोक्सेरा नावाचा बारीक कीटक द्राक्षवेलीच्या मुळांतला रस शोषतो आणि वेल वाळून जातो. कॅलिफोर्नियात तो 1873 मध्ये याच सोनोमात ओळखला गेला. युरोपीय वेलींना त्याच्यापुढे टिकाव धरता येईना. अमेरिकेतल्या रानवेलींची मुळे मात्र त्याला पुरून उरत. उपाय निघाला तो कलमाचा. खाली अमेरिकन खुंट, वर युरोपीय वाण. राइनफार्मशी जोडलेले ज्युलियस ड्रेसेल हे या प्रयोगातल्या आघाडीच्या लोकांपैकी एक होते. नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला हे निराळे सांगायला नको. आपल्याकडेही क्षारपड जमिनीत आणि पाण्याच्या ओढीत टिकावी म्हणून बाग डॉगरिज खुंटावर उभी करतात, आणि तो खुंट मूळचा टेक्सासकडचा आहे. सोनोमाचा नाशिकशी आणखीही एक धागा आहे. नाशिकच्या सुला वायनरीची वाइन घडवण्यात सुरुवातीपासून मदत करणारे केरी डॅम्स्की सोनोमा काउंटीतलेच.

फायलोक्सेरा एका मळ्यातून दुसऱ्यात जातो तो मुळांवरून, अवजारांवरून आणि बुटांना चिकटलेल्या मातीवरून. ऑस्ट्रेलियात तर कित्येक मळ्यांच्या फाटकावरच परक्याने ओळींत पाऊल टाकू नये अशी पाटी असते. डबा शोधायला येणारा माणूस म्हणजे गावोगावची माती बुटांवर घेऊन येणारा माणूस. म्हणून जमीनमालकाची परवानगी हा नियम वायनरीत केवळ सभ्यतेचा राहत नाही, त्यात वेलीचा जीव असतो. मालकाने होकार दिला आणि स्वयंसेवक तपासनिसाने नोंद पाहून मंजूर केली, तरच डबा नकाशावर येतो.

आता राइनफार्म डोळ्यांपुढे ठेवून अशा जागी डबा कुठे ठेवावा ते ठरवू. वेलींच्या ओळींत तर अजिबात नको. मोबाइलचे जीपीएस मोकळ्या आभाळाखालीही पाचेक मीटर इकडेतिकडे होते. दोन ओळींत अंतर दोन-अडीच मीटर, म्हणजे शोधणारा चार ओळी तुडवणार, ठिबकच्या नळ्यांत पाय अडकवणार, घड झाडून पाडणार. जागा हवी ती मळ्याच्या कडेची, पायवाटेला लागून: दगडी बांध, जुना ओक, निकामी झालेले लाकडी पिंप. ओकखाली एक सावधगिरी बाळगायची. तिथल्या झुडपांत पॉइझन ओक असतो. तो आपल्या बिब्ब्याच्याच कुळातला, आणि अंगावर तसाच उततो. तीन-तीन पानांचा झुपका दिसला की हात मागे घ्यावा. उन्हाळ्यात दगडांच्या फटीत खुळखुळ्या सापही असतो.

दुसरा नियम धंद्याचा आहे. डब्याने जाहिरात करायची नाही. तो मिळवण्यासाठी दुकानात शिरावे लागता कामा नये, नोकराला विचारावे लागता कामा नये, काही विकत घ्यावे लागता कामा नये. त्यामुळे चवघराच्या, म्हणजे टेस्टिंग रूमच्या, गल्ल्यामागे डबा ठेवून गिऱ्हाईक ओढण्याची सोय नाही. वायनरीने जागा द्यायची ती आपल्या जमिनीची गोष्ट लोकांनी पायी फिरून वाचावी म्हणून. मला हा सौदा फार चांगला वाटतो. चवघरात एकवीस वर्षांखालच्या मुलाला पेला मिळत नाही, पण बाहेरच्या वाटेवर दहा वर्षांची मुलगी आईबाबांच्या पुढे असते, कारण डबा तिला आधी दिसतो.

त्यातही अनेक टप्प्यांचा डबा, ज्याला मल्टी-कॅश म्हणतात, जुन्या वायनरीला सर्वांत शोभतो. पहिल्या टप्प्यांवर डबा नसतोच. पाटीवरचे, कोनशिलेवरचे आकडे गोळा करायचे असतात. समजा 1858, 1906 आणि 1973 या सालांचे शेवटचे आकडे घेतले, की मिळाले 863. अक्षांशाच्या मिनिटांचे शेवटचे तीन दशांश झाले. एका हजारांश मिनिटाचा फरक जमिनीवर सुमारे 1.85 मीटर भरतो, त्यामुळे साल चुकले की माणूस भलत्याच झाडाखाली जातो. स्थापना, भूकंप, पुनरारंभ ही साले एरवी कोणी लक्षात ठेवली नसती. इथे ती विसरून चालत नाही.

डबा ठेवणाऱ्याचे काम ठेवून संपत नाही. वही भिजली तर बदलायची, झाकण फुटले तर नवे आणायचे, वणव्यात डबा वितळला तर तसे जाहीर करून नोंद बंद करायची. दोन डब्यांत किमान 161 मीटर अंतर ठेवावे लागते. निष्काळजी माणसाचा तुटका डबा म्हणजे दुसऱ्या कोणाची अडलेली जागा. पाच पिढ्या मळा सांभाळून सहाव्या पिढीच्या हाती देणाऱ्या कुटुंबाला ही निगा समजावून सांगावी लागणार नाही. अशा जमिनीवर ठेवणाऱ्यानेही वर्षानुवर्षे फेरी मारण्याची तयारी असेल तरच परवानगी मागावी.

सॅन फ्रान्सिस्को बे एरियात मराठी घरे पुष्कळ आहेत आणि सुटीच्या दिवशी सोनोमाकडे जाणारेही पुष्कळ. त्यांना एवढेच सांगणे: ऑगस्ट ते ऑक्टोबर तिथे खुडा चालतो, ट्रॅक्टरची ये-जा असते, त्या दिवसांत आधी विचारून जा. मळ्यात शिरण्यापूर्वी बुटांची माती झाडा, ओळींत पाऊल टाकू नका, घड तोडू नका. पेला घेणार असाल तर डबा आधी शोधा, आणि गाडी चालवणारा पेल्याला हात लावणार नाही हे घरूनच ठरवून निघा. वहीत नाव मात्र देवनागरीत लिहा.