मेगाब्लॉक की बिघाड? ग्रुपवर मेसेज टाकताना नेमकं काय लिहायचं

‘उद्या मेगाब्लॉक, ट्रेन बंद!’ शनिवारी रात्री डोंबिवलीतल्या एखाद्या ग्रुपवर असा मेसेज पडतो आणि रविवारी ठाण्यात परीक्षा असलेल्या मुलाच्या घरी कॅबची शोधाशोध सुरू होते. बहुतेक वेळा त्या मेसेजमधले शेवटचे दोन शब्द चुकीचे असतात.

रूळ, सिग्नल किंवा ओव्हरहेड वायरच्या कामासाठी ठरावीक मार्गिकेवर गाड्या सोडायच्या नाहीत, असं आधी ठरवून राखलेली वेळ म्हणजे ट्रॅफिक ब्लॉक. वायरमधली वीजही बंद केली तर पॉवर ब्लॉक. ‘मेगा’ हे त्याला जोडलेलं विशेषण. पश्चिम रेल्वेवर तोच ‘जम्बो’ होतो. त्यामुळे भर गर्दीत कळव्याला सिग्नल बंद पडला तर तो मेगाब्लॉक नाही, बिघाड आहे.

(डोंबिवलीत ‘ब्लॉक घेतला’ म्हटलं की जुन्या पिढीला नवा फ्लॅट आठवतो, ते वेगळं.)

मार्गिका न लिहिणं ही सगळ्यात महाग चूक. ठाणे ते कल्याण सहा मार्गिका आहेत. जलद मार्गिकेवर ब्लॉक असेल तर जलद गाड्या सहसा धीम्या मार्गिकेवर वळवतात. उशीर होतो, पण गाडी मिळते. धीम्यावर ब्लॉक असला की उलटं: गाड्या जलद मार्गिकेवरून जातात आणि कोपर, ठाकुर्लीसारख्या स्टेशनांवर थांबतच नाहीत. म्हणजे एकाच ब्लॉकमध्ये कल्याणकर आरामात निघतो आणि ठाकुर्लीकर अडकतो. अप म्हणजे सीएसएमटीकडे, डाऊन म्हणजे कल्याणकडे, हेही लिहाच.

दुसरा घोळ मध्यरात्रीचा. २०२४ मध्ये ठाण्याच्या फलाट ५ आणि ६ च्या रुंदीकरणासाठी ६३ तासांचा ब्लॉक घेतला होता. तो ‘गुरुवारी मध्यरात्री’ म्हणजे रात्री १२.३० ला सुरू झाला. पण तोवर कॅलेंडरवर शुक्रवार, ३१ मे उजाडला होता! म्हणून ‘३० आणि ३१ मेच्या मधली रात्र, १२.३० पासून’ असं लिहिलेलं बरं.

‘मेगाब्लॉक’ हा मराठीत एक जोडशब्द आणि पुल्लिंगी: तो घेतला जातो. नमुना मेसेज असा: ‘रविवार, सकाळी ११ ते दुपारी ४, ठाणे ते कल्याण, अप आणि डाऊन धीम्या मार्गिकेवर मेगाब्लॉक. कोपर, ठाकुर्लीला गाडी थांबणार नाही.’ तारीख टाकायला विसरू नका, नाहीतर हाच मेसेज पुढच्या शनिवारी पुन्हा फिरतो.