क्रीडास्पर्धेचे स्थलांतर आणि सार्वजनिक साधनांवरील अग्रहक्क

प्रस्तावना :
'इंडियन प्रीमियर लीग' (आय.पी.एल.) ही भारतीय क्रिकेट नियामक मंडळाची देशांतर्गत स्पर्धा २००८ मध्ये सुरू झाली. त्यानंतर पोलीस बंदोबस्त, पाणी व साथरोग अशा तीन कारणांनी तिचे सामने नियोजित मैदानांवरून हलविण्यात आले. स्पर्धा इतक्या सहजतेने का हलू शकते व तिच्या जाण्याने मूळ प्रश्न सुटतो काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्यात आला आहे.

परदेशातील आयोजन :
नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर आणि ३ मार्च २००९ रोजी लाहोर येथे श्रीलंकेच्या संघावर दहशतवादी हल्ला झाला. त्याच सुमारास लोकसभा निवडणूक जाहीर झाली होती. निवडणूक व स्पर्धा या दोहोंना एकाच वेळी पुरेसा बंदोबस्त देणे कठीण असल्याने २२ मार्च रोजी मंडळाने स्पर्धा देशाबाहेर नेण्याचे जाहीर केले. १८ एप्रिल ते २४ मे २००९ या काळात ती दक्षिण आफ्रिकेत पार पडली. २०१४ च्या निवडणुकीच्या वेळी पहिले २० सामने संयुक्त अरब अमिरातीत झाले. मात्र २०१९ व २०२४ मध्ये निवडणुकीच्या तारखांशी वेळापत्रक जुळवून ती भारतातच घेण्यात आली. कोरोना साथीमुळे २०२० ची संपूर्ण स्पर्धा व २०२१ चा उत्तरार्ध पुन्हा अमिरातीत झाला.

स्थलांतराचे अर्थकारण :
या स्पर्धेचे मुख्य उत्पन्न तिकीटविक्रीतून नव्हे, तर प्रक्षेपण हक्कांतून येते. २०१८ ते २०२२ या पाच वर्षांचे हक्क १६,३४७.५ कोटी रुपयांना विकले गेले. त्यामुळे मैदान बदलले तरी चालते, भारतीय प्रेक्षकाची वेळ मात्र बदलून चालत नाही. दक्षिण आफ्रिकेचे घड्याळ भारताच्या साडेतीन तास मागे असते. म्हणून २००९ मध्ये तेथील सामने दुपारी साडेबारा व साडेचार वाजता सुरू होत, म्हणजे भारतात चार व आठ वाजता. स्पर्धा परदेशी गेली, तरी तिचा प्रेक्षक भारतातच राहिला. तोटा झाला तो मैदानाभोवतीच्या विक्रेत्यांचा, रोजंदारीवरील कामगारांचा व तिकीट काढून सामना पाहणाऱ्यांचा.

महाराष्ट्रातील उदाहरण :
२०१६ च्या दुष्काळात मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी १२ एप्रिल रोजी लातूरला पोहोचली. तिच्यात सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर हलविण्याचा आदेश दिला. खेळपट्टी व मैदानासाठी लागणाऱ्या पाण्याबाबतच्या जनहित याचिकेवर हा आदेश होता. मैदानांसाठी प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरण्याची तयारी मंडळाने दर्शविली होती, तरीही आदेश झाला. पुढे केवळ १ मे रोजीच्या पुण्यातील सामन्यास परवानगी मिळाली. मुंबई व पुणे संघांनी विशाखापट्टणम हे पर्यायी मैदान स्वीकारले आणि मुंबईत ठरलेला अंतिम सामना बंगळूरला झाला.

या आदेशाने लातूरला किती पाणी मिळाले, असा प्रश्न तेव्हा विचारला गेला. हा आक्षेप अगदीच निराधार नव्हता. मैदानावरील वाचलेले पाणी आपोआप तहानलेल्या गावात जात नाही. त्यासाठी साठा, वाहतूक व वितरण यांची व्यवस्था लागते. शिवाय ऊस, उद्योग व शहरांतील गळती यांच्या तुलनेत मैदानाचा वापर अल्पच होता. परंतु आदेशाचे मोल केवळ लिटरमध्ये मोजता येत नाही. राज्याच्या जलनीतीत पिण्याच्या पाण्यास पहिले स्थान आहे. कागदावरचा तो क्रम एका धनाढ्य संस्थेलाही लागू होतो, हे या निमित्ताने दिसून आले.

समारोप :
स्थलांतर हा आयोजकांच्या अडचणीवरील उपाय होय. सार्वजनिक साधनांच्या टंचाईवरील तो उपाय नव्हे. साथ ओसरल्यावर २०२२ मध्ये साखळी फेरीचे सर्व ७० सामने मुंबई, नवी मुंबई व पुणे परिसरातच झाले. स्पर्धा गेली तशीच परत आली. यावल-रावेरच्या केळी पट्ट्यात कूपनलिका वर्षागणिक खोल जात आहेत. येथील शेतकऱ्याला आपले शिवार विशाखापट्टणमला नेता येत नाही. म्हणूनच पाण्याचा अग्रक्रम टंचाईच्या वर्षी न्यायालयात ठरण्याऐवजी सुकाळात गावपातळीवर ठरणे अधिक हिताचे आहे.