‘कशावरून?’ विचारणारे पालक हवेत

अमेरिकेतल्या मराठी घरांत मुलांच्या गणिताकडे बारीक लक्ष असतं. कुमॉन, कोडिंग, रोबोटिक्स, काही घरांत स्पेलिंग बीसुद्धा. लिहिण्याचं काय, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘ते शाळा बघते. मुलं इथेच वाढली, इंग्रजी आपल्यापेक्षा फाडफाड बोलतात!’ पण फाडफाड बोलणं वेगळं आणि कॉलेजमध्ये लागतं तसं लिहिणं वेगळं. हा फरक बऱ्याच मुलांना पहिल्या सेमिस्टरचे मार्क हातात पडल्यावरच कळतो.

इथल्या बहुतेक विद्यापीठांत पहिल्या वर्षी लेखनाचा एक कोर्स असतो. आमच्या न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठात त्याचं नाव ‘कॉलेज रायटिंग’. इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमातही तो आहे. आपल्याकडे इंजिनिअरिंग केलेल्यांना याचं नवल वाटतं, कारण आपला निबंधाशी संबंध बारावीतच संपतो. तोही कसला, तर ‘पावसाळ्यातील एक दिवस’ नाहीतर ‘मी पंतप्रधान झालो तर’. गाइडमधून पाठ केलेली चार वाक्यं आणि शेवटी एखादं सुभाषित.

गंमत म्हणजे हार्वर्डने प्रवेश परीक्षेत इंग्रजी निबंध आणला १८७४ मध्ये, आणि त्याच वर्षी पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ सुरू केली. त्या मालेतले निबंध आपलं म्हणणं वाचकाला पटवण्यासाठी, प्रसंगी समोरच्या पक्षाला झोडपण्यासाठी लिहिलेले होते. म्हणजे मुद्दा मांडून वाद घालणारा निबंध आपल्याला परका नाही. शाळेच्या पेपरात मात्र तो कुठेतरी हरवला.

इथली शाळा मुलांना आधी पाच परिच्छेदांचा साचा देते: सुरुवात, तीन मुद्दे, शेवट. पांगुळगाडा म्हणून तो चांगलाच आहे. अकरावीच्या आसपास अनेक मुलं ‘एपी इंग्लिश लँग्वेज’ घेतात, तिथे खरी चढण लागते. परीक्षेत सव्वादोन तासांत तीन निबंध लिहायचे. त्यातल्या एकासाठी काही उतारे, तक्ते, चित्रं देतात. त्यातल्या किमान तिघांचा आधार घेऊन स्वतःचं मत मांडायचं. कॉलेजमध्ये याच्याही पुढे जावं लागतं. पुस्तकं, लेख स्वतः शोधायचे, कोणाचं काय घेतलं ते नोंदवायचं, आणि आपल्या मताला विरोध करणाऱ्याला उत्तर द्यायचं.

माझ्या मावसबहिणीची मुलगी अकरावीत आहे. शाळेत मोबाइलवर बंदी असावी का, यावर तिला लिहायचं होतं. पहिलं वाक्य होतं, ‘मोबाइलचे फायदे आहेत तसे तोटेही आहेत.’ मी विचारलं, ‘याला नाही कोण म्हणेल?’ ती म्हणाली, ‘कोणीच नाही.’ मग त्यात सिद्ध काय करायचं? तासाभराच्या गप्पांनंतर तिचं वाक्य झालं, ‘बंदी फक्त तासापुरती असावी, मधल्या सुट्टीत नको, कारण नोकरी करणाऱ्या आईवडिलांना मुलांशी बोलायला तेवढीच वेळ मिळते.’ आता यावर भांडता येतं! तिच्या शिक्षिका काय आक्षेप घेतील, तेही तिने मग स्वतःच लिहून काढलं. या सगळ्या गप्पा मराठीतच झाल्या.

म्हणून पालकांना सांगावंसं वाटतं की आपलं इंग्रजी कच्चं आहे म्हणून मागे राहू नका. व्याकरण शाळा बघेल. आपण फक्त विचारायचं: तुझं म्हणणं एका वाक्यात सांग. कशावरून? हे कोणाला पटणार नाही, आणि का? जेवणाच्या टेबलावर आठवड्यातून एकदा एवढं झालं तरी पुष्कळ. आणि पहिला मसुदा झाला की दोन दिवस बाजूला ठेवून पुन्हा लिहायला लावा. कॉलेजमध्ये पुनर्लेखन हा अभ्यासाचाच भाग असतो.

प्रवेश अर्जातला निबंध मात्र वेगळा. ‘कॉमन ॲप’च्या त्या जास्तीत जास्त ६५० शब्दांत मुलं स्वतःची गोष्ट सांगतात. त्यासाठी सल्लागारांवर भरपूर पैसे खर्च होतात, आणि अर्ज गेला की घरात लिहिण्याचं नाव निघत नाही. खरं तर पुढची चार वर्षं दुसऱ्याच प्रकारचं लिहायचं असतं.

आता चॅटजीपीटी मिनिटभरात गुळगुळीत निबंध देतो. तो उचलून दिला आणि पकडलं गेलं तर अनेक कॉलेजांत शिस्तभंगाची कारवाई होते. नाही पकडलं गेलं तर नुकसान जास्त, कारण विचार करायची सवय लागायची राहूनच जाते. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातही कोड लिहिण्याआधी डिझाइनचं टिपण लिहावं लागतं. हाच मार्ग का, दुसरा का नाही, हे त्यात पटवून द्यायचं असतं. मीटिंगमध्ये सीनियर मंडळी त्यावर प्रश्न विचारतात ते इंग्रजीत, पण अर्थ एकच: कशावरून? आपल्या मुलांना हा प्रश्न घरातच ओळखीचा झालेला बरा.