दर किलोला की दर बादलीला?

हॉस्टेलवर राहणाऱ्याला एक गोष्ट न शिकवता समजते. ती म्हणजे महिन्याचे पहिले दहा दिवस आणि शेवटचे दहा दिवस सारखे नसतात! पहिल्या दहांत कॅन्टीनचं सँडविच, आणि शेवटच्या दहांत मेसचं पिठलंसुद्धा चवदार लागतं. फी, झेरॉक्स, सबमिशनच्या फाईली हे खर्च काही आपल्या हातात नाहीत. पण किराणा आणि साफसफाईचं सामान हातात आहे, आणि गंमत म्हणजे नेमका त्याचाच हिशोब कोणी ठेवत नाही.

आमच्या रूममध्ये आम्ही तिघी. प्रत्येकीने महिन्याला ४०० रुपये रूम फंडात टाकायचे आणि त्यातून चहा-साखर, पोहे, बिस्किटं, कपड्यांची पावडर, फिनेल आणायचं असा नियम होता. गेल्या वर्षी एक पार्टनर म्हणायला लागली की मला रूमवरचा चहा नको, फंडातून माझं नाव काढा. कारण नंतर कळलं. तिच्या घरी त्या हंगामात कांद्याचे पैसे आलेच नव्हते. ज्याला परवडत नाही तो बोलून दाखवत नाही, गुपचूप चहा सोडतो. तेव्हापासून आम्ही एक दोनशेपानी वही घातली, आणि सहा महिन्यांत फंड ४०० वरून २६० वर आला. चहा तिघींचा चालू आहे. या वहीत जे सापडलं तेच इथे लिहिते.

पहिली गोष्ट, किंमत वाचू नका, दर वाचा. आता बहुतेक पाकिटांवर एमआरपीच्या आसपास बारीक अक्षरांत 'युनिट सेल प्राइस' छापलेली असते. पण त्यात एक गोम आहे. माल एक किलोपेक्षा कमी असेल तर दर ग्रॅमला छापतात आणि जास्त असेल तर किलोला. म्हणजे ५०० ग्रॅमच्या पाकिटावर ०.१५ रुपये दिसतं आणि दोन किलोच्या पाकिटावर १३५ रुपये. घाईत वाचणाऱ्याला ०.१५ फारच स्वस्त वाटणार! १००० ने गुणा, म्हणजे तो १५० रुपये किलो निघतो. युनिट लिहिलं नाही म्हणून आपले सर अर्धा मार्क कापतात ते उगीच नाही.

आठवडी बाजारात हेच उलट. तिथे भाव पाव किलोचा ओरडतात. 'वीस रुपये पाव' ऐकायला बरं वाटतं, पण ते ८० रुपये किलो झाले. आमच्यासारख्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्यांची आणखी एक पंचाईत असते, ती म्हणजे मराठी आकडे. एकोणसत्तर म्हणजे सिक्स्टी-नाईन की सेव्हन्टी-नाईन याचा मनात उलगडा होईपर्यंत मावशी पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलेली असते! पण घासाघीस करायची तर पावणेदोनशे, साडेसत्तावीस हे पटकन कळायलाच हवं. आणि बाजार उठायच्या वेळी, दिवे लागणीला जा. परत न्यायला नको म्हणून पालेभाजी निम्म्या भावात मिळते. फक्त जुडी उलटून देठ बघून घ्या.

मोठं पाकीट नेहमी स्वस्त पडतं असं आपण धरून चालतो. शांपूच्या बाबतीत बरेचदा हे उलटं असतं. समजा ६ मिलीची पुडी १ रुपयाला आहे, तर मिलीला साधारण १७ पैसे झाले. १८० मिलीची बाटली १२० रुपयांना असेल तर मिलीला ६७ पैसे. जवळजवळ चौपट! पुड्यांचा हा धंदा दक्षिणेतून आला. १९८३ मध्ये सी. के. रंगनाथन यांनी कडलूरला चिक शांपू सुरू केला तो अशाच पुड्यांवर, कारण अख्खी बाटली घेण्याची ऐपत नसलेलं गिऱ्हाईकच जास्त होतं. (मात्र पुड्या फाडून बाथरूममध्येच टाकणाऱ्यांनी एकदा जाळीत अडकलेला गठ्ठा स्वतः काढून बघावा. तो काढायला मावशींना हात घालावा लागतो.)

घाऊक आणून साठवण्याचाही मोह टाळा, निदान पावसाळ्यात. रव्याला जाळी लागते, तांदळात पोरकिडे होतात, बिस्किटं सादळतात, शेंगदाणे खवट होतात. फेकलेल्या मालाचा दर काढायला गेलो तर तो अनंत येतो. साखर, मीठ, कपड्यांची पावडर खुशाल मोठी घ्या.

सुटं की पाकीट? तांदूळ, डाळी, पीठ सुटं घेतलं तर जीएसटी लागत नाही. १८ जुलै २०२२ पासून छोट्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या मालावर मात्र ब्रँड असो वा नसो, ५ टक्के लागतो. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून शांपू, टूथपेस्ट, अंगाचा साबण, बिस्किटं यांवरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा नेहमीच्या वस्तूच्या जुन्या-नव्या किमती पडताळून बघा. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात आणि ती कमाल किंमत असते. तिच्या खाली विकायला दुकानदाराला बंदी नाही, वर विकायला आहे. थंड बाटलीला 'फ्रीजचे दोन रुपये' जास्त मागणं नियमात बसत नाही.

आता शीर्षकाकडे येते. १९६९ मध्ये अहमदाबादला करसनभाई पटेल नावाच्या केमिस्टने सरकारी नोकरी सांभाळून घरी धुण्याची पावडर बनवली आणि सायकलवरून विकली. तीच निरमा. किलोला साधारण ३ रुपये भाव, आणि मोठ्या कंपनीची पावडर त्याच्या कितीतरी पट महाग. मग ऐंशीच्या दशकात सर्फने उत्तर म्हणून टीव्हीवर ललिताजी आणली. आपल्या आयांना ती आजही आठवते. कविता चौधरी यांनी ती भूमिका केली होती. तिचं म्हणणं होतं की महागडी पावडर अर्धा किलो पुरते तिथे स्वस्तातली एक किलो लागते. जाहिरात बाजूला ठेवा, पण मुद्दा पक्का इंजिनिअरिंगचा आहे. खरा दर किलोला नसतो, बादलीला असतो.

आम्ही रूमवर चमचा मोजून हे करून बघितलं. ८० रुपये किलोची पावडर बादलीला ६० ग्रॅम लागली, म्हणजे ४ रुपये ८० पैसे. १५० रुपये किलोवालीची ३० ग्रॅम पुरली, म्हणजे ४ रुपये ५० पैसे. दोघी सारख्याच! म्हणजे ललिताजीही जिंकली नाही आणि निरमाही हरली नाही. वाचले ते मोजून टाकल्यामुळे वाचले, कारण आधी आम्ही सरळ पाकीट तिरकं करून ओतत होतो. जास्त पावडर म्हणजे जास्त स्वच्छ असं नसतं, आणि फेस म्हणजे सफाई तर मुळीच नाही. एका मर्यादेपुढे पावडर कपड्याला काही करत नाही, फक्त खळबळायला दोन बादल्या पाणी जास्त लागतं. आपल्या मजल्यावरच्या मावशी पावडर आधी मगभर पाण्यात विरघळवून मग बादलीत टाकतात आणि आपल्या निम्म्यात काम करतात. आम्ही ते त्यांच्याकडूनच उचललं.

बोअरच्या जड पाण्यात साबणाच्या वडीची आणखी नासाडी होते. पाण्यातलं कॅल्शियम साबणाला पकडून चिकट पांढरा साका करतं, आणि ते सगळं संपल्यावरच साबण कामाला लागतो. फर्स्ट इयरला ईडीटीएने टायट्रेशन करून जो हार्डनेस काढला तोच हा! आधी बादलीत चमचाभर धुण्याचा सोडा टाकला की कॅल्शियम खाली बसतं. रेशमी आणि लोकरीच्या कपड्यांना मात्र सोडा लावू नका.

हीटरच्या रॉडवर आणि किटलीत जे पांढरं कवच चढतं तेही तेच कॅल्शियम, कार्बोनेटच्या रूपात. किराणा दुकानात लिंबूफूल म्हणून सायट्रिक ॲसिड सुटं मिळतं. गरम पाण्यात चमचाभर टाकून रॉड तासभर बुडवून ठेवा (प्लग काढून!). कवच गळून पडतं आणि पाणीही लवकर तापतं. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतायची टूम हल्ली फार चालते. छान फसफसतं, पण दोघं एकमेकांनाच मारून टाकतात आणि उरतं ते नुसतं खारट पाणी. दोन्ही वापरा, पण वेगवेगळे.

एक गोष्ट मात्र पैशाच्या पलीकडची आहे. संडास साफ करायच्या लिक्विडमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. त्यावर ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच टाकलं की क्लोरीन वायू सुटतो. आपल्या बाथरूमना एक हातभर झरोका, त्यात दार लावून घासणारा माणूस. छाती जळणं, दम कोंडणं पाच मिनिटांत होऊ शकतं. 'दोन्ही मिळून डबल इफेक्ट' हा विचार डोक्यातून काढून टाका. ज्या दिवशी ॲसिड त्या दिवशी ब्लीच नाही. आणि जुन्या विंगमध्ये शहाबादी फरशी आहे, ती म्हणजे चुनखडीच. ॲसिडने डाग जातो आणि त्याबरोबर फरशीचा थरही जातो. तिथे ब्रश आणि पावडरच बरी.

ब्लीचिंग पावडरही उघडी राहिली की तिच्यातला क्लोरीन उडत जातो. वर्षाची एकदम आणून ठेवली तर शेवटी चुनाच उरतो. थोडी आणा, झाकण घट्ट लावा. आणि सुटं ॲसिड किंवा फिनेल पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत कधीही भरू नका. मूळच्याच बाटलीत ठेवा, वर मार्करने मराठीत मोठ्या अक्षरांत नाव लिहा, आणि ती पाण्याच्या माठापासून लांब, खालच्या कप्प्यात ठेवा. रात्री लाईट गेल्यावर तहान लागलेल्याला बाटलीचा आकार तेवढा कळतो.