गुणपत्रिकेबाहेरचा विद्यार्थी

वाशीम जिल्ह्यात सैन्यभरतीची घोषणा झाली की पहाटेच्या अंधारात रस्त्याच्या कडेने धावणारे तरुण दिसू लागतात. शाळेच्या दहा वर्षांत ज्यांच्या वाट्याला मैदान क्वचितच आले, ते दोन-तीन महिन्यांत शरीर कमावू पाहतात. परीक्षा जवळ आली की खेळाचा तास गणिताला किंवा इंग्रजीला दिला जातो आणि त्यात कोणाला काही गैर वाटत नाही. खेळाची आठवण होते ती सवलतीच्या गुणांपुरती. या हिशेबात काय गमावले जाते, हे पाहावयाचे असेल तर पुण्यात शिकलेल्या एका विद्यार्थ्याचे चरित्र समोर ठेवावे.

अर्देशीर बुर्झोरजी तारापोर यांचा जन्म १८ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईत झाला. पूर्वज रतनजीबा शिवाजी महाराजांच्या सेवेत होते व मिळालेल्या गावांपैकी तारापूर या गावावरून आडनाव पडले, असे घराण्यात सांगितले जाते. सातव्या वर्षी हा मुलगा पुण्याच्या सरदार दस्तूर शाळेच्या वसतिगृहात आला. अभ्यासात त्याची गती सामान्यच होती. परंतु धावणे, मुष्टियुद्ध, पोहणे, टेनिस आणि क्रिकेट यांत तो चमकत असे. १९४० मध्ये तो मॅट्रिक झाला तेव्हा शाळेचा कॅप्टन होता. केवळ गुण पाहून अशा मुलाच्या प्रगतिपुस्तकावर कोणता शेरा पडतो, हे शिक्षकांना सांगावयास नको.

महायुद्ध चालू असताना, १९४२ मध्ये, तारापोर हैदराबाद संस्थानच्या पायदळात अधिकारी झाले. एकदा हातबॉम्बच्या सरावात एका नवख्या जवानाच्या हातून बॉम्ब खंदकातच पडला. तारापोर यांनी झेपावून तो उचलला व बाहेर भिरकावला. उडालेल्या तुकड्यांनी त्यांची छाती जखमी झाली. संस्थानचे सेनापती मेजर जनरल एल एद्रूस यांनी त्यांना बोलावून शाबासकी दिली, तेव्हा त्यांनी चिलखती पलटणीत बदली मागून घेतली. तिच्याबरोबर त्यांनी पश्चिम आशियातील युद्ध पाहिले. संस्थानाचे विलीनीकरण झाल्यावर १९५१ मध्ये ते पूना हॉर्स या रेजिमेंटमध्ये आले.

सप्टेंबर १९६५ मध्ये लेफ्टनंट कर्नल तारापोर त्याच रेजिमेंटचे प्रमुख म्हणून सियालकोट आघाडीवर उतरले. ११ सप्टेंबरला फिलोराच्या लढाईत ते जखमी झाले. मागे इस्पितळात जाण्यास त्यांनी नकार दिला आणि रणगाड्याचे झाकण उघडे ठेवून, वर उभे राहून ते पुढे जात राहिले. १४ तारखेला वझीरवाली आणि १६ तारखेला जसोरन व बुतूर डोग्रांडी घेण्यात आली. त्याच दिवशी त्यांना वीरमरण आले. वय ४२ होते. या लढायांत पूना हॉर्सने आपले ९ रणगाडे गमावून शत्रूचे सुमारे ६० रणगाडे निकामी केले, अशी नोंद त्यांच्या मरणोत्तर परमवीर चक्राच्या मानपत्रात आहे.

यावर कोणी व्यवहारी आक्षेप घेईल, आणि तो टाळून चालणार नाही. चाविंडा हे लक्ष्य शेवटपर्यंत हाती आले नाही. जिंकलेला मुलूखही १९६६ च्या ताश्कंद करारानंतर परत करावा लागला. मग उरले काय? सहा वर्षांनी, १९७१ च्या युद्धात, त्याच पूना हॉर्सचा अवघ्या २१ वर्षांचा अधिकारी अरुण खेत्रपाल पेटलेला रणगाडा न सोडता लढत राहिला आणि रेजिमेंटला दुसरे परमवीर चक्र मिळाले. माणसामाणसांतून असे पुढे जाणारे भांडवल कोणत्याही ताळेबंदात मांडता येत नाही. म्हणून ते नसते असे नव्हे.

खेळणारा प्रत्येक मुलगा शूर निपजतो, असा नियम मांडणे अर्थातच भाबडेपणाचे ठरेल. मैदान न पाहिलेले अनेक जवानही धारातीर्थी पडले आहेत. परंतु मार बसल्यावरही जागा न सोडणे, साथीदाराच्या चुकीचा भार आपल्या शिरावर घेणे, क्षणार्धात निर्णय करणे यांचा सराव फळ्यासमोर बसून होत नाही. तो मैदानावर होतो, आणि पुढे सैन्यात न जाणाऱ्या शिक्षकाला, कारकुनाला, शेतकऱ्यालाही तो तितकाच लागतो.

आपण पडलो तर रणभूमीवरच दहन करावे, असे तारापोर यांनी एका सहकारी अधिकाऱ्याला सांगून ठेवले होते. पारशी समाजाच्या रूढीहून ही इच्छा वेगळी होती. ती पाळली गेली. प्रार्थनेचे पुस्तक आईला, सोन्याची साखळी पत्नीला, अंगठी मुलीला आणि फाउंटन पेन मुलाला द्यावे, एवढीच त्यांची निरवानिरव होती. अभ्यासात सामान्य ठरलेल्या या माणसाने मुलासाठी ठेवले ते पेन. खेळ आणि विद्या यांत त्यांना वैर दिसले नव्हते. शाळांच्या वेळापत्रकालाही ते दिसण्याचे कारण नाही. खेळाचा तास खेळासाठीच राहिला, तर सुरुवातीस तेवढे पुरे आहे.