एका वाड्यातील अनेक बिऱ्हाडे

एका वाड्यात दहा बिऱ्हाडे राहत असली, तरी वाड्याचा पत्ता एकच असतो. म्हणून पाकिटावर पत्त्याबरोबर माणसाचे नावही लिहावे लागते. एरवी पत्र कोणाच्या हाती पडेल याचा नेम नाही. संगणकाच्या जगातही अशीच व्यवस्था आढळते.

संकेतस्थळाची पाने जपून ठेवणारा आणि मागेल त्यास ती पुरविणारा संगणक म्हणजे सर्व्हर. प्रत्येक सर्व्हरला अंकांचा पत्ता असतो. जुन्या पद्धतीचे असे पत्ते सुमारे ४३० कोटीच होऊ शकतात. तेव्हा प्रत्येक संकेतस्थळाला स्वतंत्र पत्ता कोठून द्यावा? यावर उपाय निघाला. पान मागताना ब्राउझरने संकेतस्थळाचे नावही सांगितलेच पाहिजे, असा दंडक १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.१ या नियमावलीने घातला. त्यामुळे एकाच पत्त्यावर अनेक संकेतस्थळे सुखाने नांदू लागली.

सर्व्हरवर 'अपाचे' नावाची आज्ञावली द्वारपालाचे काम करते, असे समजू. तिच्याजवळ सूचनांची एक फाईल असते. कोणते नाव उच्चारले असता कोणत्या कप्प्यातील पाने द्यावयाची, हे तीत नमूद केलेले असते.

आता कल्पना करा. एकाच सर्व्हरवर एका कापडदुकानाचे व एका रुग्णालयाचे संकेतस्थळ आहे. मध्यरात्री कोणी घाबऱ्या घाबऱ्या रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक पाहू जातो, तो समोर लुगड्यांचे भाव! असे का व्हावे? मागितलेले नाव फाईलमध्ये न सापडल्यास अपाचे पाहुण्यास परत पाठवीत नाही. त्या पत्त्यासाठी जे संकेतस्थळ प्रथम नोंदलेले असेल, त्याचेच पान ती देते. चूक घडते, पण कोठेही गाजावाजा होत नाही.

अशा वेळी जाणता कारागीर क्रमाने शोध घेतो. ते नाव याच सर्व्हरच्या पत्त्याकडे नेते ना, हे तो आधी पाहतो. मग फाईलमधील नाव अक्षरशः ताडून पाहतो. आरंभीच्या 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'सह एक आणि त्याविना दुसरे, अशी दोन्ही नावे नोंदवावी लागतात. साधी मागणी ८० क्रमांकाच्या दाराने येते व सुरक्षित मागणी ४४३ क्रमांकाच्या. यांपैकी एकाच दाराची नोंद केली असेल, तर दुसऱ्या दाराने येणारा भलतीकडेच जातो. फाईल दुरुस्त केल्यावर तिची रचना निर्दोष आहे की नाही, हे तपासण्याची आज्ञाही अपाचेत आहे. ती तपासणी झाली, की सर्व्हरला फाईल पुन्हा वाचावयास सांगावे लागते. हे राहिले, तर तो जुन्याच सूचना पाळीत राहतो.

एका वेळी एकच बदल करावा व लगेच परिणाम पाहावा, हा या कामातील मुख्य नियम होय. दहा बदल एकदम केले, तर गुण कोणत्या औषधाने आला ते कळत नाही. यंत्र आपल्या मनातले ओळखीत नाही. लिहिलेले तेवढेच ते करते. म्हणून लिहिणाऱ्याने एकेका अक्षराविषयी दक्ष असले पाहिजे. त्या एका अक्षरावर मध्यरात्री कोणाचा तरी जीव अवलंबून असू शकतो.